जुनी फियाट आणि नवा रस्ता

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मोटारीच्या ब्रेकवर लेख पाहून काही वाचक पान उलटतील, याची मला कल्पना आहे. या पानांवर ज्ञानेश्वरांची उपमा शोभते, मर्ढेकरांची प्रतिमा शोभते. ब्रेक-ड्रम आणि टाय रॉड यांचे येथे काय काम? परंतु जुन्या वस्तूचे जतन कसे करावे, तिला हात लावावा की लावू नये, हा प्रश्न इतिहासाच्या आणि कलेच्या अभ्यासकाचाच आहे. लेणे असो, पोथी असो, नाहीतर १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी, प्रश्न तोच. फरक इतकाच की लेणे ताशी ८० किलोमीटर वेगाने कोणाच्या अंगावर जात नाही.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट ११०० डिलाइट १९७० च्या दशकात आधी ‘प्रेसिडेंट’ झाली, मग ‘पद्मिनी’ झाली. आपल्या लोकांनी मात्र तिला फियाटच म्हटले. नव्या शतकाच्या तोंडावर तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. आपल्याकडे कारंज्यात, रिसोडात, वाशिमात एखाद्या डॉक्टरांची, वकिलांची किंवा व्यापाऱ्याची फियाट शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असते. कागदपत्रे अकोल्याची, कारण १ जुलै १९९८ पर्यंत वाशीम जिल्हाच नव्हता. आता नातू ती ताडपत्री काढू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. माझे भांडण आहे ते पुढच्या क्रमाशी.

पहिला खर्च रंगावर होतो. मग क्रोमियमची पट्टी, सीटची कव्हरे, स्पीकर, चकचकीत रुंद चाके. हौस आणखी वाढली की इंजिन अधिक जोराचे बसवण्याची भाषा सुरू होते. ब्रेक? ते ‘लागतात की!’ स्टिअरिंग? ‘जुन्या गाडीला थोडा प्ले असायचाच!’ हा ‘थोडा’ प्ले कधी कधी चाक तीन-चार बोटे फिरवल्यावर गाडीला वळायचे आहे हे कळावे एवढा असतो. रंगासाठी उसने काढणारा मनुष्य ब्रेक ऑइलच्या बाटलीसाठी घासाघीस करतो, हे मला आजवर समजलेले नाही.

ही गाडी ज्या काळात घडली त्या काळचा रस्ता आठवा. एकेरी डांबर, दोन्ही बाजूंना काळ्या मातीची साइडपट्टी, पुढे बैलगाडी, समोरून एस. टी. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली फियाट त्या रस्त्याला पुरेशी होती. आज त्याच मालेगाव, शेलूबाजार, कारंजा परिसरातून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला. मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. शाळेत शिकलेले सूत्र येथे अंगाशी येते. वेग ४० वरून ८० झाला की ब्रेकने पचवायची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. १२० ला नऊपट. ही सारी उष्णता ड्रमच्या बंद डब्यात कोंडली जाते. तापलेला ड्रम फुगून ब्रेक शूपासून दूर सरकतो, लायनिंगची पकड सुटते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. पातूर-मेडशीच्या घाटात न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्या ‘पेट्रोल वाचवू’ मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. शिवाय पुढच्या नव्या गाडीला डिस्क असते, एबीएस असते. ती थांबते तेथे आपली फियाट थांबत नाही.

आता दुसरी बाजू. काही जाणकार म्हणतात, मूळ रूपाला हात लावणे हे पाप आहे. डिस्क बसवली की ती पद्मिनी राहिली नाही. या मताबद्दल मला आदर आहे, आणि त्यामागे अनुभवही आहे. अजिंठ्याचे उदाहरण घ्या. सोळा क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने कोरवले, आणि हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्या वाशीमचा. १९२० नंतर निजामाच्या राजवटीत इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याची चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा लेप दिला. हेतू उत्तम होता. लेप पुढे पिवळा पडला आणि तो काढणे हे पुढच्या पिढ्यांचे काम होऊन बसले. जतनशास्त्रात एक दंडक मानला जातो, की केलेली दुरुस्ती उद्या उलटवता आली पाहिजे. मोटारीलाही मी हाच दंडक लावीन. बोल्ट खोलून परत पूर्वीसारखे करता येईल ते करावे. चासीला, एक्सलला वेल्डिंग करून, कापाकाप करून काही करू नये.

परंतु सुधारणेच्या आधी दुरुस्ती. पद्मिनीचे निम्मे ब्रेक ‘वाईट’ नसतात, आजारी असतात. गळका व्हील सिलेंडर, फुगलेले रबरी पाइप, वर्षानुवर्षे न बदललेले ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते; घाटात तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. ड्रम लेथवर गोल करून घ्यावा, पण मर्यादेपलीकडे पातळ करू नये. नवे लायनिंग ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकते की नाही हे खडू लावून पाहणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांच्याकडे गाडी न्यावी. आणि जुन्या लायनिंगची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि ती मिस्त्रीच्या पोराच्या छातीत जाते.

स्टिअरिंगचेही तेच. फियाटच्या स्टिअरिंग बॉक्समधील वर्म मधोमध सर्वांत जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. प्ले गेला पाहिजे म्हणून वरचा स्क्रू आवळला की मध्यभागी बरे वाटते, पण पुरते वळताना चाक अडकते. म्हणून आधी टाय रॉडचे जॉइंट, आयडलर, पुढच्या चाकांचे बुश व बेअरिंग तपासावे, मग अलाइनमेंट, आणि बॉक्सला हात सर्वांत शेवटी. मूळचे टायर ५.२०-१४ मापाचे होते. रेडियल घालायचे तर चारही घालावेत. पुढे एक रेडियल आणि एक साधा असा संसार चालत नाही. रुंद टायरने गाडी ऐटदार दिसते आणि स्टिअरिंग दगडासारखे जड होते.

एवढे झाल्यावर ज्यांना पुढे जायचे त्यांनी जावे. एकाच मास्टर सिलेंडरवर चारही चाके असतील तर एक पाइप फुटताच चारही ब्रेक जातात. म्हणून दुहेरी मास्टर सिलेंडर ही माझ्या मते पहिली सुधारणा. पुढे डिस्क बसवणे त्यानंतर. तेही केवळ दुसऱ्या गाडीची डिस्क मिळाली म्हणून नव्हे. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो तसाच ठेवल्यास डिस्क घासत राहते. डिस्कला पायाचा जोर अधिक लागतो, म्हणजे बूस्टर आला. आणि मागचे ब्रेक पुढच्यांच्या मानाने भारी झाले तर ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते.

कायद्याकडे मात्र काणाडोळा करता येणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कडक शब्दांत सांगितले. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. शुल्क २० हजार रुपये. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको, आणि गाडी रोजच्या वापराला नको. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. १९७४ ची पद्मिनी आता या वयात आली आहे. या अटीत ब्रेकचे नाव नाही. म्हणजे सुधारलेला ब्रेक चालतो की तपासणीच्या टेबलावर तो ‘बदल’ ठरतो, हे अधिकाऱ्याच्या मनावर राहते. दुहेरी मास्टर सिलेंडर, सीटबेल्ट, उलटवता येणारी डिस्क यांमुळे गाडीचे ‘मूळपण’ जात नाही, असे शासनाने एका परिपत्रकात स्पष्ट लिहावे. त्यात तिजोरीचा एक पैसाही जाणार नाही.

तोवर मालकाने काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारावे. काढलेले जुने ड्रम, शू, सिलेंडर ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, वर चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवावेत. भंगारवाला दारात आला तरी देऊ नयेत.