'श्री' आणि 'केरेस'

लक्ष्मीपूजन जवळ आलें कीं आमच्या कांहीं स्वदेशाभिमानी मित्रांस रोमची धान्यदेवता केरेस आठवते. तिचें नांव म्हणजे आपल्या 'श्री'चाच अपभ्रंश, अर्थात् रोमन लोक लक्ष्मीचेच पूजक, असा त्यांचा सिद्धान्त! वास्तविक ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हे. सर विल्यम जोन्स यांनीं १७८४ सालीं लिहिलेल्या निबंधांत लक्ष्मीची केरेसशीं तुलना केली व 'श्रीः' हें रूप लॅटिनसारखें दिसतें असें म्हटलें. तेव्हां तौलनिक भाषाशास्त्र जन्मास यावयाचें होतें. जोन्सांस दोष नाहीं. आज तेंच उगाळणाऱ्यांस मात्र आहे.

'श्रीः' यांतील विसर्ग, म्हणजे मूळचा सकार, हा केवळ प्रथमेचा प्रत्यय. 'श्रियम्' म्हणतांच तो नाहींसा होतो. 'केरेस'मधील सकार प्रातिपदिकाचाच आहे. दोन स्वरांमध्यें सांपडल्यावर लॅटिनच्या नियमानें त्याचा रकार होतो, म्हणून द्वितीयेंत 'केरेरेम'. संस्कृत शकाराच्या जागीं लॅटिनमध्यें ककार येतो हें खरें. 'शतम्' आणि 'केन्तुम्' ही जोडी प्रसिद्धच आहे. पण एका अक्षरावर सोयरीक जुळत नाहीं. 'केरेस'चा संबंध वाढण्याशीं, 'क्रेस्केरे' या क्रियापदाशीं. 'श्री'चा तेजाशीं व वैभवाशीं. खरीं नातीं कानास सहसा ओळखूं येत नाहींत. आपल्या 'धाना'ची बहीण दूर लिथुआनियन भाषेंत 'दुओना' होऊन बसली आहे, आणि तेथें तिचा अर्थ भाकर!

रोमपासून घ्यावयाचें तें निराळेंच आहे. १९ एप्रिलच्या केरेआलिया उत्सवांत कोल्ह्यांच्या शेपटांस पेटत्या मशाली बांधून त्यांस सोडीत, ही विलक्षण रीत ओव्हिडनें काव्यांत नोंदली. १५ एप्रिलचा भूदेवीचा सण 'फोर्दिकिदिया'. त्याचें नांव 'फोर्दा', म्हणजे गाभण गाय, यावरून पडलें हें वार्रोनें लिहून ठेविलें. गोठ्यांतला शब्द त्या पंडितास हलका वाटला नाहीं.

आणि आम्ही? ब्रह्मपुरीचा मुलूख धानाचा. तेथील 'पऱ्हे', 'बांधी', 'रोवणा', 'तणस' हे शब्द मुलाच्या वहींत दिसले कीं त्यांवर तांबडी रेघ ओढणारे गुरुजी अद्यापि भेटतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्यांनीं झाडीबोलीचा कोश रचला. रोमच्या देवीस आपली म्हणणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं तो उघडला? यंत्रें बांधींत उतरलीं आहेत, आणि रोवण्याचीं गाणीं जाणणाऱ्या म्हाताऱ्या दरसाल कमी होत आहेत. त्यांच्याकडे कोणी वही घेऊन जाणार आहे काय?