जुन्या गाण्याचा नवा हंगाम

युरोपांतील संगीतसंस्थांचें वर्ष पाडव्यास सुरू होत नाहीं. तें सप्टेंबरांत सुरू होऊन जूनच्या सुमारास संपतें. त्याच्या कित्येक महिने आधीं पत्रक निघतें. कोणत्या दिवशीं, कोणत्या गांवीं, काय गाइलें जाणार तें त्यांत असतें, व रसिक मंडळी पुष्कळदां सबंध हंगामाचीं तिकिटें एकदम घेऊन ठेवतात. अशा पत्रकांत दरवर्षीं कांहीं नवें असावें, ही अपेक्षा साहजिक आहे. परंतु नेदरलँड्समधील एका संस्थेच्या हंगामांत एक दिवस असा आहे कीं, तो १९२२ पासून चालत आला आहे. मध्यें २०२० च्या साथीसारखें विघ्न आलें तेव्हां तो चुकला इतकेंच. तो दिवस गुड फ्रायडे, गांव नार्देन, आणि गावयाचें तें योहान सेबास्तियन बाख ह्याची ‘मॅथ्यू पॅशन’. संस्थेचें नांव नेदरलँडसे बाखफरेनिगिंग, म्हणजे नेदरलँड्सची बाख-मंडळी. ती १९२१ सालीं स्थापन झाली.

‘पॅशन’ म्हणजे ख्रिस्ताच्या अंतकाळाची गाऊन सांगितलेली कथा. तिची बांधणी आमच्या वाचकांस अगदींच परकी वाटूं नये. एक कथेकरी मूळ ग्रंथांतील शब्द बोलण्याच्या जवळ जाणाऱ्या स्वरांत सांगत जातो. मधेंच कथा थांबते आणि एखादा गायक त्या प्रसंगावर आपलें मन मोकळें करतो. मग सर्वांना लहानपणापासून ठाऊक असलेल्या चालीचें पद वृंद गातो, कीं कथा पुन्हां पुढें चालू. रचनेचे दोन भाग आहेत, व बाखच्या काळीं त्या दोहोंच्या मध्यें प्रवचन होत असे. पूर्वरंग-उत्तररंगाची आठवण येथें होते खरी, पण तें साम्य फार ताणूं नये, कारण येथें दोन्ही भागांत आख्यानच आहे. गायकांचे दोन वृंद, वाद्यांचे दोन वृंद, आणि वेळ जवळजवळ पावणेतीन तास. ही रचना लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्यें १७२७ सालच्या गुड फ्रायडेला प्रथम गाइली गेली असें आतां बहुतेक अभ्यासक मानतात. त्या हिशेबानें २०२७ मध्यें तिला तीनशें वर्षें पुरीं होतात.

बाख १७५० सालीं वारला, आणि ही रचना पुढें जवळजवळ पाऊण शतक कागदांतच राहिली. ती बाहेर कशी आली, ही हकीकत एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मंडळींनीं ऐकण्यासारखी आहे. बर्लिनच्या इट्झिग घराण्यांतील सारा लेव्ही ही हार्प्सिकॉर्ड उत्तम वाजवीत असे. बाखच्या थोरल्या मुलाजवळ ती शिकली होती व बाख घराण्याच्या रचनांचीं हस्तलिखितें तिनें जपून ठेवलीं होतीं, तेंही लोकांस त्या जुनाट वाटत होत्या अशा दिवसांत. तिची बहीण बेला सालोमन. ह्या बेलाबाईनीं आपल्या नातवास मॅथ्यू पॅशनची एक नक्कल करवून भेट दिली. नातवाचें नांव फेलिक्स मेंडेल्सझोन. १८२९ च्या मार्चांत, वयाच्या विसाव्या वर्षीं, त्यानें ती बर्लिन येथें लोकांपुढें आणली. पुस्तकांत श्रेय नातवास मिळतें व तें त्याचें आहेच. पण आजीनें नक्कल करविली नसती तर नातू काय गाता?

मेंडेल्सझोननें मात्र ती जशीच्या तशी आणली नाहीं. कित्येक गाणीं गाळलीं, वृंद दीडशेंहून मोठा घेतला, आपल्या काळच्या कानाला रुचेल असा साज चढविला. पुढील शंभर वर्षें हाच प्रघात पडला. ॲमस्टरडॅमला विलेम मेंगेलबर्ग १८९९ पासून दर पाम संडेला हीच रचना शेंकडों गायकांनिशीं, गाळगूळ करून, मोठ्या भावनावेगानें सादर करीत असे, आणि लोक ओक्साबोक्शीं रडत. ह्या थाटास उत्तर म्हणून योहान स्कोन्डरबेक ह्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं नार्देनची वाट धरली. ॲमस्टरडॅमच्या पूर्वेस हें लहानसें तटबंदीचें गांव आहे; नकाशावर पाहिलें तर पाण्याच्या खंदकांत ठेवलेल्या चांदणीसारखें दिसतें. तेथील जुन्या मोठ्या चर्चच्या लांकडी छतावर सोळाव्या शतकाच्या आरंभीं काढलेलीं जुन्या व नव्या करारांतील प्रसंगांचीं चित्रें आहेत. रचना नाटकगृहासाठीं नसून देवळासाठीं आहे, तेव्हां ती देवळांत गावी, हा त्यांचा आग्रह.

इतकें झाल्यावर प्रश्न सुटला असें वाटेल. पण खरा प्रश्न पुढेंच आला. मंडळीचा वृंद मोठा होता आणि हौशी होता. असल्या वृंदांत दिवसा आपापला उद्योग करून संध्याकाळीं तालमीस येणारीं माणसें असतात, आणि एकाच घरांतलीं दोन दोन, तीन तीनही असतात. १९८३ सालीं योस फान फेल्धोव्हन ह्यांच्या हातीं सूत्रें आलीं. तोंपर्यंत जुन्या संगीताच्या अभ्यासानें फार मोठी मजल मारली होती. बाखची पट्टी हल्लींहून सुमारें अर्ध्या सुरानें खालची धरावी (काळी दोनमध्यें गाणाऱ्यानें पांढरी दोनमध्यें यावें, इतका फरक), व्हायोलिनला तारेऐवजीं आंतड्याची तांत असावी, गज आंखूड व बाहेरच्या बाजूस वांकलेला असावा, हें ठरून गेलें होतें. वृंदाच्या आकाराचा वाद तर हातघाईवर आला होता. बाखनें स्वतः १७३० सालीं लाइपझिगच्या अधिकाऱ्यांस लिहून दिलेल्या टिपणांत एका वृंदास निदान बारा गायक मागितले आहेत. १९८१ मध्यें जोशुआ रिफ्किन ह्या अमेरिकन अभ्यासकानें असें मांडलें कीं, ती पटावरची संख्या आहे. प्रत्यक्ष गातांना एका आवाजास बहुधा एकच गायक असे. कोणाचेंही मत घेतलें तरी शेंकडों गायकांस त्यांत जागा नाहीं. फान फेल्धोव्हन ह्यांच्या काळांत मोठा हौशी वृंद गेला आणि निवडक, पेशानें गाणाऱ्यांचा लहान वृंद आला.

आम्हांस विचाराल तर संगीताच्या दृष्टीनें हा निर्णय योग्यच होता. दोन वृंद एकमेकांस प्रश्न विचारतात व उत्तरें देतात, तें थोडक्या गायकांत लख्ख ऐकूं येतें. गर्दींत त्याचा नुसता गलबला होतो. परंतु ज्यांनीं उमेदीचीं वर्षें त्या वृंदांत घातलीं, त्यांना बाजूस करतांना ‘हें बाखच्या इच्छेनुसार आहे’ एवढें सांगून भागत नाहीं. कारण ती इच्छा कोणीच पुरती पाळीत नाहीं. बाखच्या चर्चमध्यें वरचे आवाज मुलगे गात. बायकांस तेथें गाण्याची मुभा नव्हती. निकोलाउस हार्नोनकोर्टनें १९७० सालच्या आपल्या ध्वनिमुद्रणांत मुलगेच घेतले होते. आजच्या बहुतेक वृंदांत मात्र बायका गातात, आणि फार सुंदर गातात. मधलें प्रवचन गेलें आहे, तिकीट आलें आहे. तेव्हां जुनें म्हणून काय घ्यावें व काय सोडावें ही प्रत्येक पिढीची निवड आहे, आणि तिची जबाबदारी निवडणाऱ्यांनीं उघडपणें घ्यावी. ती दिवंगत माणसाच्या माथीं मारूं नये. हौशी गायक अर्थातच गप्प बसले नाहींत. त्या देशांत वसंताच्या आरंभीं गांवोगांवचे वृंद आपापल्या चर्चमध्यें हीच पॅशन गातात. नार्देनला मंत्रीमंडळी येऊन बसतात, तशी तेथें गायकांची आईबापें आणि शेजारीपाजारी येऊन बसतात.

वारशाविषयीं बोलतांना आणखी एक गोष्ट. २०१८ सालीं फान फेल्धोव्हन ह्यांच्यामागून शुन्सुके सातो हे जपानी व्हायोलिनवादक आले व २०२३ पर्यंत त्यांनीं मंडळीचें नेतृत्व केलें. जर्मन माणसाची रचना, डच लोकांची संस्था, आणि पुढें उभा जपानी. तेथें ह्याचें कोणास नवल वाटलें नाहीं. विद्या कोणत्या घरांत राहते, हा प्रश्न आपल्याकडे ज्या चवीनें चघळला जातो तो पाहतां, आम्ही ही हकीकत मुद्दाम नमूद करीत आहों.

हंगामाचा क्रम ठरलेला असतो. डिसेंबरांत नाताळचें संगीत. त्यांत बाखचा ‘ख्रिसमस ओरेटोरिओ’ असला तर हें ध्यानांत ठेवावें कीं, त्याचे सहा भाग १७३४ च्या नाताळापासून पुढच्या जानेवारीच्या सहा तारखेपर्यंतच्या सहा वेगळ्या उत्सवदिवसांसाठीं होते, एका बैठकीसाठीं नव्हते. वसंतांत पॅशन, आणि शेवटीं नार्देन.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस तेथें जाणें घडेल. पण ह्या मंडळीनें बाखची यच्चयावत् रचना चित्रमुद्रित करून सर्वांस मोफत देण्याचा संकल्प सोडला आहे. २०१४ पासून एकेक रचना बाहेर येत आहे, आणि बाखच्या रचना हजाराहून अधिक आहेत. मॅथ्यू पॅशन त्यांत आहे. पहिल्याच दिवशीं पावणेतीन तास बसूं नये. आरंभींचें गान ऐकावें. दोन्ही वृंद आपसांत बोलत असतां वरून मुलांचा तिसरा आवाज येतो, तो घरांतील लहानांस ओळखावयास सांगावें. मग दुसऱ्या भागांतील ‘आउस लीब’ हें स्त्रीकंठाचें गाणें घ्यावें. बासरी वर चालते, खालीं ‘ओबो दा काचा’ नांवाचीं दोन वांकडीं, चामड्यानें मढविलेलीं, पितळी तोंडाचीं वाद्यें मंद धरून असतात. हें वाद्य मधल्या काळांत पार नाहींसें झालें होतें. कोपनहेगन व स्टॉकहोम येथील संग्रहालयांत राहिलेले नमुने पाहून कारागिरांनीं तें १९७० नंतर पुन्हां घडविलें. एरवीं बाखच्या गाण्याखालीं जो खर्जाचा अखंड आधार असतो, तो ह्या गाण्यांत त्यानें मुद्दाम काढून घेतला आहे. तंबोरा थांबवून कोणी गावें तसें तें ऐकूं येतें, आणि तें संपतांच जमावाची आरोळी उठते.