स्वस्त चालेल, बेसूर नको!



मागच्या महिन्यात टपालातून दोन पत्रं आली. दोन्ही एकाच विषयावर, पण दोन टोकांची.

पहिलं पत्र परळच्या आठवीतल्या एका मुलाचं. तो लिहितो, ‘बाई, दिवाळीच्या बोनसमधून बाबा मला इलेक्ट्रिक गिटार घेऊन देणार आहेत. दहा हजारांच्या वर एक रुपया नाही, असं त्यांनी बजावलंय. आमच्या चाळीतला दादा म्हणतो, एवढ्यात मिळते ती गिटार नसते, खेळणं असतं. खरं का हो?’

दुसरं पत्र गिरगावातल्या एका आईचं. ‘लेकीला हौसेनं स्वस्तातली गिटार घेतली. दोन महिने रोज बसायची. बोटं सोलून निघाली, पण सूर काही लागेना. आता म्हणते, मला संगीतच येत नाही. गिटार माळ्यावर गेली. हिला कानच नाही का?’

हे दुसरं पत्र वाचून मला वाईट वाटलं. गिटारचे पैसे गेले ते एक वेळ भरून काढता येतील. पण ‘मला येत नाही’ हे एकदा मनात बसलं, की ते निघता निघत नाही. फुटक्या टाकानं अक्षर गिरवायला दिलं आणि शाई सांडली, तर आपण मुलाच्या हाताला दोष देऊ का? मग वाद्य बेसूर असेल तर कानाला दोष कशाला?

म्हणून आज आपण स्वस्तातली गिटार पारखायला शिकू या. आणि हो, आईबाबा, तुम्हीसुद्धा वाचा बरं का!

आधी पेटीचं उदाहरण घेऊ. दादरला हरिभाऊ विश्वनाथ हे पेट्या बनवणारं नाव १९२५ सालापासूनचं. पेटी घ्यायला जाणकार माणूस गेला, की तो पॉलिशकडे बघत बसत नाही. आधी भाता मारतो आणि एकही पट्टी न दाबता हवा किती वेळ टिकते ते बघतो. मग एकेक पट्टी दाबून प्रत्येक सूर ऐकतो. गिटारचंही तसंच आहे. रंग, चकाकी आणि वरचं नाव शेवटी बघायचं.

आता चाळीतल्या दादाचं म्हणणं तपासू. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ पेटी असते. तारेचा बारीक आवाज तिथे घुमून मोठा होतो. म्हणून तिथे हलकं लाकूड लगेच जाणवतं. इलेक्ट्रिक गिटारचं अंग मात्र बहुतेक वेळा भरीव असतं. तिचा आवाज उचलतो तो पिकप. पिकप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली, की वेढ्यांत इवलीशी वीज तयार होते. मायकल फॅरडेनं १८३१ साली शोधून काढलेलं तत्त्व ते हेच! लालबाग-परळच्या मुलांना पिकप नवा नाही. गणपतीत वाजणाऱ्या बेंजोचा आवाजही पिकपमधूनच भोंग्यापर्यंत जातो. या बेंजोचा पूर्वज कुठला, ठाऊक आहे? जपानचा! ताइशोगोतो नावाचं ते वाद्य १९१२ साली नागोया शहरात जन्माला आलं.

भरीव गिटार घरोघरी नेणाऱ्या माणसाचीही गंमत ऐका. अमेरिकेतले लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे! १९५० साली त्यांनी सपाट, भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. तिची दांडी चक्क स्क्रूंनी अंगाला जोडलेली होती. बनवायला सोपी आणि दुरुस्तीलाही सोपी. आजच्या स्वस्त गिटारी बहुतांशी याच पद्धतीच्या असतात. पडद्यांच्या खाचाही आता यंत्र कापतं. मग कारखाना पैसे वाचवतो कुठे? हाताच्या कामात! पडद्यांची टोकं घासणं, तारांची उंची बसवणं, सूर जुळवणं ही कामं घाईत उरकली जातात. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन गिटारींत एक छान आणि दुसरी रडकी निघू शकते. म्हणजे दादाचं म्हणणं अर्धंच खरं. स्वस्त गिटार चांगली असू शकते, फक्त ती निवडून घ्यावी लागते.

चला तर दुकानात. गिरगावकरांना धोबी तलाव चालत जाण्यासारखा. लालबागकरांनी करी रोडहून लोकल पकडून सीएसएमटीला उतरावं. धोबी तलाव हा वाद्यांच्या दुकानांचा जुना भाग. फुर्ताडो हे तिथलं नाव तर १८६५ सालापासूनचं. पण दुकान कुठलंही असो, परीक्षा एकच. एकाच प्रकारच्या दोन-तीन गिटारी मागा आणि प्रत्येकीची पाच विषयांत परीक्षा घ्या.

१) डोळा. सुतार फळी जशी एक डोळा मिटून बघतो, तशी दांडी एका टोकाकडून बघा. पीळ दिसला तर गिटार तिथेच परत करा. किंचित बाक मात्र चालतो, तो लागतोच. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबा. मधोमध तार आणि पडदा यांत कार्डाच्या कागदाएवढी फट दिसली की झालं. दांडीच्या पोटात पोलादी सळई असते. बाक कमी-जास्त असेल तर ती फिरवून नीट करता येतो. पीळ मात्र सळईनं जात नाही.

२) बोट. दांडीच्या दोन्ही कडांवरून बोट अलगद फिरवा. पडद्यांची टोकं टोचतात का? मग बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे ते कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजा. जाड तार सुमारे २ मिलिमीटर, बारीक तार सुमारे दीड मिलिमीटर असली की वाजवायला सोपी. पण जपून हं! बऱ्याच पट्ट्यांचं शून्य अगदी कडेपासून सुरू होत नाही. तेवढं अंतर वजा करा, नाहीतर उत्तर चुकेल.

३) कान. सहा तारा आणि बावीस पडदे, म्हणजे १३२ सूर. सगळे वाजवा. घाबरू नका, एका सुराला एक सेकंद धरलात तर सव्वादोन मिनिटं लागतात. कुठे खरखर होते का, कुठे सूर लगेच मरतो का, ते ऐका. ही परीक्षा भोंग्याला न जोडता घ्यायची. शांतपणे ऐकलं की दोष लपत नाहीत.

४) बारावा पडदा. हा सगळ्यांत महत्त्वाचा पेपर! बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तार अर्धी झाली की सूर दुप्पट उंच होतो, म्हणजे सा चा वरचा सा. आता तारेला त्या पडद्याच्या बरोबर वर नुसतं बोट टेकवा, दाबू नका. तार छेडा आणि बोट लगेच उचला. घंटेसारखा सूर येईल. मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडा. दोन्ही सूर एकच हवेत. फोनमधलं ट्यूनरचं ॲप लावून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर तार थोडी लांब हवी आहे. त्यासाठी घोडीवरचा त्या तारेचा स्क्रू फिरवून टेकू मागे सरकवतात. मागे सरकायला जागा आहे ना, ते पाहून घ्या. जागाच उरली नसेल तर ती गिटार नको.

५) खुंट्या आणि वीज. सहाही तारा सुरात लावा. ज्यांना पेटी येते त्यांनी लक्षात ठेवा, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा वरची पांढरी तीन. पाच मिनिटं वाजवा आणि परत तपासा. नव्या तारा थोड्या ताणल्या जातात, त्याचा राग खुंट्यांवर नको. पण खुंटी पिळताना ‘टिक्’ आवाज होऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर वरच्या पट्टीच्या खाचेत तार अडकते आहे. मग गिटार भोंग्याला जोडा, पण साध्या, स्वच्छ आवाजात. घरघरीत आवाजाखाली शंभर दोष झाकले जातात. बटणं फिरवा, खटका प्रत्येक जागेवर ठेवा, केबल किंचित हलवा. खरखर होऊ नये, आवाज तुटू नये. एकाच गुंडाळीच्या पिकपमधून ‘हम्’ असा बारीक आवाज येतो. आपल्या घरातल्या ५० आवर्तनांच्या विजेचा तो सूर. तारांना हात लावला की कमी होत असेल, तर काळजी नाही.

पाचही पेपर झाले. आता निकाल कसा लावायचा? दोषांचे दोन ढीग करा. तारांची उंची, दांडीचा बाक, बाराव्या पडद्याचा सूर, पट्टीची खाच, खरखरणारी बटणं, गंजलेल्या तारा हे सुधारणारे दोष. वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर ते थोडक्या खर्चात नीट करतो. दांडीचा पीळ, चुकीच्या जागी बसलेले पडदे, जागोजाग मेलेले सूर हे न सुधारणारे दोष. पहिल्या ढिगावरून भाव कमी करून मागा. दुसऱ्या ढिगातला एक जरी दोष दिसला, तर फुकट दिली तरी घेऊ नका. घरपोच मागवणार असाल, तर परत करायच्या मुदतीतच ही सगळी परीक्षा उरका.

गिरगावच्या ताई, तुमच्यासाठी एक काम आहे. ती गिटार माळ्यावरून खाली काढा आणि आधी तारांची उंची मोजा. ती चार मिलिमीटर भरली, तर मोठ्या माणसाचीही बोटं सोलतील. आणि एवढ्या उंच तारा दाबताना त्या ताणल्या जातात, म्हणून सूरही चढा लागतो. लेकीला सूर खटकत होता ना? मग तिला कान नाही कसं म्हणता? कान आहे, म्हणूनच तर खटकत होता!

परळच्या मित्रा, सगळे दहा हजार गिटारवरच घालवू नकोस. छोटा ॲम्प्लिफायर, केबल, तारांचा जादा संच आणि कारागिराची मजुरी यांसाठी काही राखून ठेव. आवाज हेलकावणारा दांडा पहिल्या गिटारला नसलेला बरा, स्वस्तातल्या दांड्यानं सूर लवकर सुटतो. पावसाळ्यात आपल्या मुंबईची हवा दमट असते, म्हणून वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुस. आणि चाळीत शेजारचे काका रात्रपाळी करून झोपले असतील, तर हेडफोन लाव. ही सोय काही पेटीला नाही!

किमतीवरून कुणी हिणवलं, तर ब्रायन मे यांची गोष्ट सांग. १९६३ साली, सोळा वर्षांचे असताना, ते वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला बसले. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलं आणि दांडीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पुढे क्वीन या जगप्रसिद्ध बँडमध्ये त्यांनी तीच गिटार वाजवली. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, बरं का!

आता या आठवड्याचा गृहपाठ. आईचा शिवणाचा टेप घ्या आणि ओळखीच्या कुणाची तरी गिटार मोजा. वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत किती आणि बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत किती? बऱ्याच गिटारींत पहिलं अंतर ३२४ मिलिमीटरच्या आसपास येतं. दुसरं अंतर किंचित जास्त भरेल. का बरं? उत्तर याच पानावर आहे. शोधा आणि मला पोस्टकार्डावर कळवा.

तुमच्या,
बाई