‘वयोमानानुसार’ नावाचा आजार

एका वाचकाने या आठवड्यात आईची फाइल पाठवली. आई 54 वर्षांच्या. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलेली, सकाळी तासभर मूठ वळत नाही, कुकरचं झाकण लावायला सुनेला हाक मारावी लागते. फाइलमधला एक्स-रे मात्र गुडघ्यांचा! खाली शेरा: ‘वयोमानानुसार झीज’. सोबत कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, वेदनाशामक गोळ्या आणि ‘फार मनाला लावून घेऊ नका’ हा तोंडी सल्ला. सहा महिने हेच चाललंय. एवढं होऊनही मुलाचा प्रश्न निराळाच: डॉक्टर बदलले तर त्यांना वाईट वाटेल का?

वाटेल. वाटू द्यावं.

मुलीच्या स्थळाची चार गावांत चौकशी करणारी घरं आईच्या बोटांसाठी दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढताना चोरासारखी होतात. धाकट्याच्या तापात डॉक्टर रात्री अकराला धावून आले होते, हे खरंच असतं. पण त्या उपकाराची फेड आईच्या सांध्यांनी का करायची, हे कुणी सांगत नाही.

अशा वेळी भिगवणची आठवण काढावीच लागते. उजनीच्या काठी फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना हे गाव ठाऊक आहे. संधिवाताच्या अभ्यासकांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये तिथे ‘कॉपकॉर्ड’ पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेचं पाठबळ असलेला हा उपक्रम. पद्धत अगदी साधी. प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर गेले, चार हजारांवर प्रौढांना ‘दुखतं का, कुठे दुखतं’ असं विचारलं आणि माणसाच्या छापील आकृतीवर दुखऱ्या जागा नोंदवल्या. ज्यांनी दुखतं म्हटलं, त्यांना मग तज्ज्ञांनी तपासलं. शंभरातल्या साधारण अठरा जणांना हाडा-सांध्यांची काही ना काही तक्रार निघाली. ऱ्हुमॅटॉइड संधिवात हजारी पाच-सहा जणांना. म्हणजे बहुतेकांचं दुखणं वेगळ्या कारणांचं होतं, आणि ‘ऱ्हुमॅटॉइड नसणार’ म्हणणारे डॉक्टर बहुतेक वेळा बरोबरच ठरतील. पण ते हजारातले पाच-सहा सापडले ते आधी विचारलं म्हणून, मग हात हातात घेऊन पाहिला म्हणून. भिगवणच्या ओसरीवर बसलेल्या कार्यकर्त्याने बोटांच्या तक्रारीची खूण आकृतीच्या गुडघ्यावर केली नसती. शहरातल्या वातानुकूलित दवाखान्यात, तीन मिनिटांच्या भेटीत, नेमकं तेच झालं. इथे आधी वय विचारलं, मग फोटो काढला, आणि बोटांना हात लावायचं राहून गेलं.

फरक ओळखणं इतकं अवघडही नाही. झिजेचा सांधा सकाळी थोडा वेळ आखडतो, अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि दिवसभर वापरला की दुखतो. ऱ्हुमॅटॉइडचा सांधा सकाळी तास-तासभर धरलेला असतो, हालचालीने मोकळा होतो. मनगटं आणि बोटांची मुळं सहसा दोन्ही हातांची एकदमच सुजतात. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दुपटी-तिपटीने होतो. ‘मनाला लावून घेऊ नका’ हे ऐकायलाही त्यांनाच जास्त मिळतं! रक्ततपासणीत ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला म्हणून सुटका होत नाही, बऱ्याच रुग्णांत तो निगेटिव्हच असतो. सुरुवातीचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. पहिल्या काही महिन्यांत मेथोट्रेक्सेटसारखं औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होणं बरंच टळतं. (ही गोळी आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.)

होर्डिंगांवर या स्तंभाचा जुना राग आहे. महामार्गावर दर दोन किलोमीटरला ‘गुडघा बदला, पुन्हा धावा’. ‘सकाळी बोटं आखडतात का?’ असं विचारणारा फलक या स्तंभाला अजून दिसलेला नाही. बोटांचं पॅकेज निघत नाही म्हणून असेल. पुरावा नाही, संशय मात्र जात नाही.

तर, डॉक्टर बदलावेत. जायचं ते ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे. हाडांचे सर्जन वेगळे. हे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत बसतात, म्हणजे गाडीभाडं आणि एक बुडालेला दिवस धरूनच निघावं. सकाळच्या सुजेचे फोटो मोबाइलमध्ये असू द्यावेत, दुपारपर्यंत ती उतरलेली असू शकते. मधल्या काळात कुणी ‘एका सुईत आराम’ देणारं स्टेरॉइड टोचलं असेल तर तेही सांगावं, कारण त्याने सूज झाकली जाते. दर महिन्याला नवा डॉक्टर आणि प्रत्येकाची वेगळी वेदनाशामक गोळी हा मात्र मूत्रपिंडांशी खेळ आहे, म्हणून जुने सगळे कागद बरोबर हवेत.

ते कागद मागायला संकोच नको. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क नोंदवलेला आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यायची. मुलाने आईच्या सहीचं पत्र घेऊन जावं, अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. काउंटरवरच्या बाई ‘सरांना विचारून सांगते’ म्हणतील. विचारू द्यावं, 72 तास पोच घेतल्यापासून मोजावेत.