नोकरी हातात नसताना परतायचं, तर नेमकं कुठे?

नल्लकुंटा, बरकतपुरा, काचीगुडा या पट्ट्यातल्या मराठी घरांत अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. हैदराबादची नोकरी सोडून महाराष्ट्रात परतावं का? आणि तिकडे काहीच ठरलेलं नसताना परतावं का? विचारणारे बहुतेक चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीकडून आलेले, माधापूर किंवा गच्चीबावलीच्या कंपन्यांत स्थिरावलेले. इकडे घराचा हप्ता चालू आहे, तिकडे आई-वडील सत्तरीला टेकलेत. या माणसांना 'धाडस करा' किंवा 'असला वेडेपणा नको' असं एका दमात सांगून मोकळं होणं मला बरोबर वाटत नाही. दोन्ही बाजूंना खरं वजन आहे.

या शहरातल्या मराठी माणसापुढे हा पेच पहिल्यांदा आलेला नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि कन्नड जिल्हे म्हैसूरकडे. सरकारी नोकरांची वाटणी या पुनर्रचनेच्या कायद्यानेच नव्या राज्यांमध्ये झाली. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे हैदराबादच्या मुलकी सेवेतले अधिकारी मुंबईला गेले आणि तिथे मोठी कामं केली. त्या पिढीतले अनेकजण महाराष्ट्रात गेले ते पद आणि पगार सोबत घेऊन. वकील, डॉक्टर, दुकानदार, खासगी शाळांतले शिक्षक यांना असं संरक्षण नव्हतं, आणि त्यांच्यातले पुष्कळजण इथेच राहिले. विवेकवर्धिनीच्या शाळा-कॉलेजं, मराठी साहित्य परिषद, मराठी ग्रंथसंग्रहालय या संस्था 1956 नंतरही चालत राहिल्या, त्या अशाच राहिलेल्या माणसांच्या बळावर. तेव्हा गेलेले शहाणे आणि राहिलेले भित्रे, किंवा याच्या उलट, असा निकाल आज कुणी देऊ शकणार नाही.

आजच्या प्रश्नात मात्र एक गोष्ट सहसा नीट पाहिली जात नाही, आणि माझ्या मते सगळा निर्णय तिथेच अडतो. 'आपल्या राज्यात परत जातो' असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात पुण्याला जातो. कारण त्याच्या शिक्षणाला साजेसं काम महाराष्ट्रात मुख्यतः पुणे-मुंबईतच आहे. आता नकाशा समोर ठेवा. हैदराबादहून नांदेड पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याहून नांदेड साडेचारशेच्या घरात. उदगीर, देगलूर, बिलोलीकडच्या माणसाला तर हैदराबाद पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. काचीगुडा स्टेशनवर रात्री गाडीत बसलं की निजामाबाद, बासर, धर्माबाद करत सकाळच्या आत नांदेड येतं. नांदेड-लातूरकडचे रुग्ण मोठ्या उपचारांसाठी आजही हैदराबाद गाठतात. म्हणजे आई-वडिलांसाठी म्हणून पुण्याला गेलेला मुलगा त्यांच्यापासून आणखी लांब जातो, वर तिथलं घरभाडं भरतो आणि नव्या शहरात पुन्हा अनोळखी होतो. पाट्या मराठीत असतात, रिक्षावाल्याशी मराठीत बोलता येतं, हे सुख खोटं नाही. पण एवढ्यासाठी नोकरी हातात नसताना पुण्याला जाऊ नये. पुण्याला जायचंच असेल तर इथला पगार चालू ठेवून तिकडचं काम शोधावं आणि मगच राजीनामा द्यावा.

गावी किंवा गावाजवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी परतायचं असेल तर हिशोब बदलतो. आईचे गुडघे, वडिलांचं डायलिसिस, वाटणीला आलेली आणि कुणी न पाहिलेली शेती, ही कामं नोकरी मिळेपर्यंत थांबत नाहीत. आणि नांदेड किंवा परभणीत हैदराबादच्या तोडीची नोकरी आधी मिळवून मगच जायचं अशी अट घातली, तर बहुतेकांना कधीच जाता येणार नाही. ती अट सावधपणाची दिसते. प्रत्यक्षात ती नकारच असते. आई-वडील चालते-बोलते आहेत ती वर्षं हातची गेली की पुढे कितीही पगार मिळाला तरी त्याचा उपयोग नसतो. म्हणून माझं मत असं की अशा कारणासाठी, काम ठरलेलं नसतानाही, जाणं योग्य ठरू शकतं. पण त्याआधी काही गोष्टी झाल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट पैशांची, आणि ती थोडक्यात सांगता येते. किमान वर्षभराचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते बाजूला हवेत, आणि त्या रकमेत भविष्य निर्वाह निधी धरायचा नाही. नोकरीला सलग 5 वर्षं व्हायला थोडेच महिने उरले असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबावं. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो. त्यात आई-वडील असतील तर तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची विचारणा नोकरीत असतानाच करावी. नवीन पॉलिसी काढली की जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते, आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत नेमका तोच काळ जोखमीचा असतो.

दुसरी मुलांची, आणि इथे घाई फार महागात पडते. तेलंगणाने 2018 मध्ये शाळांत तेलुगू सक्तीची केली, महाराष्ट्राने 2020 मध्ये मराठी. नल्लकुंट्यात वाढलेलं मूल घरी मराठी बोलतं, पण शाळेत तेलुगू लिहितं. मराठीत निबंध लिहिणं त्याला नव्याने शिकावं लागतं. त्याहून मोठा प्रश्न प्रवेशाचा. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशांच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून व्हावी लागते. अधिवास प्रमाणपत्राला साधारणपणे 15 वर्षांचा रहिवास विचारला जातो. इकडे तेलंगणात सरकारी भरतीत 2018 च्या राष्ट्रपती आदेशानुसार 95 टक्के जागा स्थानिकांना, आणि स्थानिक कोण हे बऱ्याच अंशी शाळेच्या वर्षांवरून ठरतं. अकरावीच्या मधोमध मुलाला हलवलं तर दोन्ही राज्यांत ते परकं ठरण्याची भीती असते. सातवी-आठवीत हलवलं तर सावरायला वेळ मिळतो. आरक्षणाचा हक्कही राज्याशी बांधलेला आहे. आंध्रातून महाराष्ट्रात आलेल्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात, मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगितलं की स्थलांतराबरोबर जमातीचा दर्जा नव्या राज्यात आपोआप लागू होत नाही. ज्यांचं मूळ महाराष्ट्रात आहे त्यांच्यासाठी परतण्याच्या बाजूने हा एक भक्कम मुद्दा आहे. वडील-आजोबांचे कागद आधीच जमवून ठेवले पाहिजेत.

तिसरी गोष्ट कामाच्या स्वरूपाची. विचारवंत नरहर कुरुंदकर हैदराबादला मामांकडे, ना. गो. नांदापूरकरांकडे राहून शिकले आणि पुढे नांदेडला आले. तिथे आधी शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. त्यांच्या बुद्धीच्या माणसाला नांदेड पुरलं, कारण स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीने तिथे संस्था उभ्या केल्या होत्या आणि त्या संस्थांना माणसं हवी होती. आजही जिल्ह्याच्या गावी जाताना विचारायचा प्रश्न तोच आहे: मला काय येतं आणि त्या गावाला त्यातलं काय हवं आहे? लातूरच्या शिकवण्यांना गणित-भौतिकशास्त्र नीट शिकवणारा हवा असतो. दवाखान्यांना, दाळमिलींना, जिनिंगवाल्यांना हिशोब आणि संगणक सांभाळणारा भरवशाचा माणूस हवा असतो. पगार निम्म्याहून खाली येईल, हे जाण्याआधी घरात मोकळेपणी बोलून मान्य केलेलं असलं पाहिजे. आणि राजीनाम्याच्या आधी सध्याच्या कंपनीला गावातून काम करू देण्याबद्दल किंवा काही महिन्यांच्या बिनपगारी रजेबद्दल लेखी विचारावं. नकार गृहीत धरून कितीतरीजण हे विचारतच नाहीत.

इथून पुढे मी जे सांगणार आहे ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. 'नोकरी नसताना परतावं का' हा प्रश्न आपण पुरुषाच्या नोकरीबद्दलच विचारतो. पण लग्नानंतर नवऱ्याच्या गावी, नवऱ्याच्या बदलीच्या शहरी, काहीही ठरलेलं नसताना जाणं बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत, आणि त्याला कुणी धाडस म्हटलेलं नाही. नल्लकुंट्यातली एखादी बाई इथल्या शाळेत दहा-बारा वर्षं शिकवते, किंवा बँकेत आहे, तेलुगू शिकली आहे, स्वतःच्या ओळखी जोडल्या आहेत. परतण्याच्या निर्णयात तिचीही नोकरी जाते. शिवाय तिकडे सासू-सासऱ्यांची रोजची शुश्रूषा मुलगा करतो असं बोललं जातं आणि प्रत्यक्षात सून करते. औषधांच्या वेळा, पथ्याचा स्वयंपाक, रात्रीचं उठणं, हे सगळं कोणाच्या वाट्याला येणार हे आधी ठरलेलं नसेल, तर त्या निर्णयाला आई-वडिलांवरचं प्रेम म्हणणं अपुरं आहे. तिचे आई-वडील कुठे आहेत, त्यांचं कोण पाहणार, हेही त्याच बैठकीत विचारलं गेलं पाहिजे. तिला तिथे काम मिळण्याची शक्यता त्याच्यापेक्षा जास्त असेल, तर घरी राहून म्हाताऱ्यांचं करण्याची तयारी त्याने दाखवावी. ती तयारी नसेल तर मी त्या घराला जाऊ नका असंच सांगेन, मग बँकेत वर्षाचा नव्हे, तीन वर्षांचा खर्च साठलेला असला तरी.

आणि आई-वडिलांना एकदा थेट विचारावं. अनेकांना मुलाने नोकरी सोडून यावं असं वाटत नसतं. त्यांना महिन्यातून दोनदा येणारा, दवाखान्यात सोबत बसणारा मुलगा हवा असतो. काहींना तो कायमचा हवा असतो, पण ते तोंडाने म्हणत नाहीत. फोनवर हे कळत नाही. त्यासाठी आठ-पंधरा दिवस तिथे जाऊन राहावं लागतं, सणासुदीला नाही, साध्या दिवसांत.