सख्खा की मावस?

मुलगी नर्सिंगला गेली की घरचे विचारतात, इंजेक्शन देता येतं का, बीपी घेता येतो का? जेनेटिक्स म्हणजे आनुवंशिकी हा विषय मात्र तिला स्वतःलाही नुसत्या पाठांतराचा वाटतो. खरं तर गरोदर बायकांच्या ओपीडीत तो रोज लागतो आणि त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते.

तीन पिढ्यांचं वंशचित्र काढायचं. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, आजारी असेल त्याचा आकार भरून काळा. नवरा-बायको नात्यातले असतील तर त्यांच्यामध्ये एकाऐवजी दोन रेषा. चित्र सोपं आहे, विचारणं अवघड. “नात्यात लग्न केलंय का?” हे कपाळाला आठ्या घालून विचारलं, तर समोरची बाई “नाही” म्हणून मोकळी होते. आपल्यात चाचा-मामूंच्या घरी सोयरिक होते, तशी महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांतही मामाची मुलगी करतात. म्हणून प्रश्न सगळ्यांना, एकाच सुरात. “भाऊ” एवढ्यावरही थांबू नये. सख्खा, चुलत, आते, मामे की मावस? आपल्या भाषेत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, हे नर्सचं नशीबच! दूधभाऊ मात्र या चित्रात येत नाही. लहानपणी वारलेली मुलं लोक मोजत नाहीत. ती मुद्दाम विचारावी लागतात.

थॅलेसेमियाचंच घ्या. लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही बाईचं हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर नर्सच्या मनात हे नाव यायला हवं. थॅलेसेमिया मायनर माणूस सहसा धडधाकट असतो. पण आई-वडील दोघेही मायनर असले, तर मूल मेजर होण्याची शक्यता 25 टक्के. त्या मुलाला सहसा दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. “चारात एक” ऐकून लोक हिशेब करतात, एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली. तसं नसतं. प्रत्येक गरोदरपणात ती 25 टक्के शक्यता पुन्हा तितकीच असते. आणि नात्यातल्या लग्नाने आजार तयार होत नाही; खानदानातला एकच दोष दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता तेवढी वाढते. परक्या घरातली मुलगी आणली तरी ती मायनर असू शकते.

निदान रक्ताच्या साध्या तपासणीने होतं, मात्र ती गरोदरपणाच्या सुरुवातीलाच हवी, म्हणजे गरज पडल्यास गर्भाची तपासणी करायला वेळ उरतो. पुढे काय करायचं ते जोडप्याने ठरवायचं. नर्सने नीट माहिती द्यावी, आपलं मत लादू नये.

सगळ्यात नाजूक जागा बाहेरच्या बाकावर असते. सासू विचारते, “काय निघालं हिचं?” ते सांगायचं की नाही, हे सुनेने ठरवायचं, नर्सने नव्हे. धाकट्या नणंदेचं लग्न जुळत असेल, तर एका वाक्याने ते मोडू शकतं. आणि सून मायनर निघाली तर पुढची चिठ्ठी नवऱ्याच्या नावाची असते. “आमच्या खानदानात असलं काही नाही” म्हणून तो उठून गेला, तर मूल मेजर होण्याची शक्यता किती, हे नुसत्या सुनेच्या रिपोर्टवरून सांगता येत नाही.