वॉट विचारू नका, भिंती बघा!

मंडळी, या शनिवारचा विषय भांडणाचा आहे. सर्व्हर, डेटाबेस, डेडलाइन वगैरे सगळं आज बाजूला. आज होम थिएटरच्या रिसीव्हरवर बोलू. माझं म्हणणं दुकानदाराला आवडणार नाही आणि पुण्या-मुंबईच्या कानतज्ज्ञ मंडळींनाही आवडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणणं असं की पातूरसारख्या गावात ज्याचं घर आहे, त्यानं रिसीव्हर सगळ्यात शेवटी निवडावा. आधी खोली, मग स्पीकर, मग अर्थिंग, आणि मग उरलेल्या पैशात तो काळा डबा.

दिवाळीच्या आसपास गावाकडून फोन सुरू होतात. सोयाबीन निघालेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, आणि कॉम्प्युटरमधला माणूस म्हणजे वायर असलेल्या प्रत्येक वस्तूतला जाणकार, असा पातूरचा ठाम समज आहे. प्रश्न ठरलेला. "भाऊ, हजार वॉटचा घेऊ का पंधराशेचा?" मी विचारतो, "काहून पाह्यजे बाप्पा एवढा?" तर उत्तर येतं, "आईले टीव्हीतलं काई समजतच नाई नं. आवाज मोठा केला तरी म्हनते काय बोलू राह्यले ते कयत नाई."

आता या उत्तरात सगळा लेख आहे. गरज आहे ती आईला संवाद कळण्याची. आणि विकत घ्यायला निघालेत वॉट. या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध जवळपास शून्य आहे.

आधी या वॉटचा समाचार घेऊ. बाजारात मिळणाऱ्या ५.१ च्या खोक्यांवर "१०,००० वॉट पीएमपीओ" असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. घरातल्या लहान प्लगची क्षमता सहा अँपियर. २३० गुणिले ६ म्हणजे १३८० वॉट. त्या प्लगमधून दहा हजार वॉट बाहेर काढायचे तर ४३ अँपियर ओढावे लागतील. पिन वितळेल, मग बोर्ड, मग वायरमन येईल. त्याच खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात "पॉवर कन्झम्प्शन ६० वॉट" असं काहीतरी असतं. तो आकडा खरा. साठ वॉट खाऊन दहा हजार वॉट देणारं यंत्र कोणी बनवलं असेल तर त्यानं ते होम थिएटरमध्ये वाया घालवू नये, सरळ पारसला नेऊन लावावं. आपल्या जिल्ह्यातलं ते वीज केंद्र २५० मेगावॉटच्या दोन संचांवर चालतं, त्यांचा कोळसा तरी वाचेल!

गल्लीतल्या असेंबल्ड अँप्लिफायरचीही हीच कथा. आत बहुधा ४४४० चा बोर्ड. या एलए ४४४० आयसीच्या डेटाशीटमध्ये दोन चॅनेलला सहा-सहा वॉट, आणि ब्रिज केलं तर १९ वॉट लिहिलेले आहेत. बाहेरच्या स्टिकरवर मात्र चारशे! तरी त्या मेकॅनिकवर माझा राग नाही, तो निदान पाचशे रुपयांत दुरुस्त तरी करून देतो.

राग आहे तो मोठ्या कंपन्यांच्या सभ्य लबाडीवर. पुस्तिकेत एका ठिकाणी लिहितात एवढे वॉट, आणि खाली बारीक अक्षरात अटी: एकच चॅनेल चालू, एक किलोहर्ट्झचा एकच सूर, दहा टक्के विकृती. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेला असतो हो! खरा आकडा बघायचा तर २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, आठ ओहम, निदान दोन चॅनेल चालू आणि विकृती एक टक्क्याच्या आत, अशी ओळ शोधा. अमेरिकेत ही फसवाफसवी इतकी माजली होती की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ साली अँप्लिफायरच्या वॉटसाठी नियम करावा लागला, आणि पन्नास वर्षांनी, २०२४ मध्ये, तो पुन्हा कडक करावा लागला. पन्नास वर्षांत माणूस बदलला नाही, खोकं बदललं.

बरं, खरे वॉट मिळाले तरी किती लागतात? साधारण स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतो. तुम्ही तीन मीटरवर बसलात तर साधारण साडेनऊ डेसिबल कमी, म्हणजे ७७. माणसाचं रोजचं बोलणं ६० ते ६५ असतं. म्हणजे एका वॉटमध्ये टीव्हीतला माणूस तुमच्या घरातल्या माणसापेक्षा मोठ्यानं बोलतोय. दहा वॉटला ८७, शंभर वॉटला ९७. ८० वॉटच्या आणि १०० वॉटच्या रिसीव्हरमधला फरक किती? एक डेसिबल. तेवढ्यासाठी दुकानदार दहा हजार जास्त मागतो आणि आपण देतो, कारण १०० हा आकडा दिसायला गोल आहे.

आता आईच्या कानाकडे येऊ. वयानुसार आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज. आपल्या भाषेतले स, श, त, क, ख हे सगळे व्यंजनांचे आवाज वरच्या पट्टीत आणि मुळातच हळू. स्वर खालच्या पट्टीत आणि दणदणीत. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. अशात आवाज वाढवला की स्वर वाढतात, ढमढम वाढते, आणि ती ढमढम बारीक व्यंजनांना गिळून टाकते. त्यात खोली घुमणारी असेल तर मागच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दाच्या डोक्यावर पडते. हजार वॉटनं हे बरं होत नाही, वाढतं.

आणि आपल्या खोल्या घुमतातच. पूर्वीची धाब्याची घरं बघा. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि माती, कोपऱ्यात पोत्यांची थप्पी. आवाज कसा मऊ पडायचा तिथे. आता स्लॅब, गुळगुळीत टाइल्स, पुट्टी मारलेल्या भिंती आणि मधोमध काचेचं टीपॉय. पातूरच्या लेण्यात जाऊन एकदा हाक मारून बघा. कातळात कोरलेली खोली जे करते तेच तुमचा नवा हॉल करतो, फरक इतकाच की लेणी कोरणाऱ्यांनी आत होम थिएटर लावलं नव्हतं.

हिशेबच मांडतो. १२ बाय १५ फुटांचा, १० फूट उंच हॉल घ्या. घनफळ साधारण ५१ घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांची बेरीज ८४ चौरस मीटर. टाइल्स आणि प्लास्टर आवाजाचा फार तर पाच टक्के भाग शोषतात असं धरलं, तर साबिनच्या सूत्रानं आवाज विरायला जवळपास दोन सेकंद लागतात. दोन सेकंदांत माणूस आठ-दहा अक्षरं सहज बोलतो. ती सगळी एकमेकांवर चढणार.

हा साबिन म्हणजे हार्वर्डचा वॉलेस साबिन. १८९५ च्या सुमाराला तिथल्या एका नव्या सभागृहात व्याख्यान ऐकूच येईना, म्हणून काम याच्याकडे आलं. यानं शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, एकेक करून मांडायच्या, आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असा उद्योग केला. खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया गाद्यांवर घातला गेला, मंडळी!

आणि आपण कुठे राहतो? वऱ्हाडात. कापसाच्या प्रदेशात. वर्षानुवर्षं कापूस पिकवला, पण हॉलच्या भिंतीला एक गादी टेकवायची म्हटलं की "लोकं काय म्हनतीन?" सहा बाय तीन फुटांच्या सहा गाद्या म्हणजे दहा चौरस मीटर. त्याच हिशेबात टाकल्या तर दोन सेकंदांचे पाऊण सेकंदावर येतात. त्यात जाड पडदे, सतरंजी, कापडी सोफा आणि घरची चार माणसं धरली की आणखी खाली. (हिशेब ढोबळ आहे, लहान खोलीत सूत्र तंतोतंत बसत नाही, पण दिशा पक्की आहे.) गाद्या लाकडी चौकटीत घालून वर छान कापड लावा, पाहुण्यांना ती सजावट वाटेल.

इथे ऑडिओफाइल मंडळी म्हणतील, आमच्या रिसीव्हरबरोबर माइक येतो, तो खोली मोजून आवाज आपोआप दुरुस्त करतो. करतो, पण काय करतो? कोणती पट्टी जास्त वाजते ती थोडी दाबतो, अंतरं जुळवतो. भिंतीवरून परत येणारा आवाज तो थांबवू शकत नाही. कोडमध्ये बग असेल तर स्क्रीनचा रंग बदलून तो जात नाही, तसंच हे.

पुढचं प्रकरण अ‍ॅटमॉस. २०१२ साली डॉल्बीनं ते थिएटरात आणलं, मग घरात आलं, आणि आता दुकानात ५.१ मागितलं तर तुमच्याकडे दयेनं बघतात. घरगुती स्वस्त अ‍ॅटमॉसमध्ये स्पीकर वर तोंड करून ठेवतात आणि आवाज छतावरून परत येईल अशी आशा करतात. त्यासाठी छत सपाट, कडक आणि बेताच्या उंचीचं लागतं. तुमच्या वर उतरते टिनपत्रे असतील तर आवाज जाईल शेजाऱ्याकडे. आणि ऐकणार काय? आई बघते त्या मालिका, बातम्या, कीर्तन, हे बहुतेक सगळं साध्या स्टिरिओत. सात-आठ स्पीकर विकत घेऊन त्यातले दोन वाजवायचे, याला चैन म्हणायचं की काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

आईसाठी उपयोगी स्पीकर एकच, मधला. सिनेमाच्या ५.१ मिश्रणात बहुतेक संवाद सेंटर चॅनेलमध्ये असतात. साध्या स्टिरिओवरही रिसीव्हरमधला सराउंडचा मोड लावला की बोलणं बरंचसं मध्ये येतं. रिसीव्हरच्या मेनूत जाऊन सेंटर तीन डेसिबलनं वाढवा आणि रात्रीचा मोड चालू करा. तो मोड मोठे धमाके दाबतो आणि हळू बोलणं वर उचलतो. ही दोन बटणं स्वस्तातल्या स्वस्त रिसीव्हरमध्येही बहुधा असतात. पण दुकानात कोणी दाखवत नाही, कारण त्यांचे वेगळे पैसे नाहीत.

८के आणि गेमिंगच्या नावानं जास्त पैसे मागितले तर २०२० आठवा. त्या वर्षी नव्या एचडीएमआय २.१ च्या महागड्या रिसीव्हरांमधल्या चिपमध्येच खोट निघाली. डेनॉन, मॅरँट्झ, यामाहा, सगळे अडकले, नव्या एक्सबॉक्सचं ४के १२० हर्ट्झचं चित्र पुढे जाईना. नाव मोठं म्हणून निर्धास्त राहू नका. ऑन्कियोसारख्या जुन्या जपानी कंपनीच्या घरगुती ऑडिओ शाखेनं २०२२ च्या मे महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली. म्हणून पहिला प्रश्न हा की सर्व्हिस सेंटर अकोल्यात आहे का, की डबा पार्सलनं नागपूरला जाणार?

आणि आपला उन्हाळा! काही रिसीव्हरांच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. त्यात आपण तो डबा काचेच्या शोकेसमध्ये कोंडतो आणि वर आईनं विणलेला रुमाल टाकतो! वर निदान वीतभर जागा मोकळी ठेवा. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, अर्थिंगचा खड्डा नीट करून घ्या, आणि वीज कडाडायला लागली की प्लगच नव्हे, डिशची केबलही काढा. त्या केबलवरून झटका येतो आणि एचडीएमआयचा बोर्ड आधी जातो. दुरुस्तीत सगळ्यात महाग तोच.

मग पैसे कसे वाटायचे? रुपयाचे सोळा आणे धरा. आठ आणे स्पीकरला, त्यातला मोठा वाटा सेंटरला. चार आणे रिसीव्हरला, साधा ५.१, ज्यात टीव्हीसाठी ईएआरसी, निदान एआरसी तरी आहे. दोन आणे गाद्या-पडद्यांना. एक आणा अर्थिंग आणि स्टॅबिलायझरला. उरलेला एक आणा चांगल्या तांब्याच्या वायरला. चांगला स्पीकर वीस वर्षं टिकतो, रिसीव्हर पाच-सात वर्षांत जुना होतो. तरी आपण उलटं करतो.

कोणी म्हणेल, एवढा हिशेब कशाला, हौसेला मोल नसतं. हौसेला नसेल, सोयाबीनला आहे. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. चाळीस हजारांचा रिसीव्हर म्हणजे साडेसात क्विंटल, तेही हमीभाव मिळाला तर. पुण्यातला माझा सहकारी असा डबा बोनसमधून घेतो आणि दोन वर्षांनी विकून टाकतो. त्याचा सल्ला त्याच्या खिशाला ठीक आहे. तोच सल्ला पातूरच्या माणसानं ऐकला तर त्यानं पेरणीपासून काढणीपर्यंत केलेली मेहनत एका स्टिकरवरच्या आकड्यापायी जाते. आणि एवढं करून आई पुन्हा म्हणणारच, "काय म्हनते रे तो?"

तेव्हा यंदा दुकानात जायच्या आधी एक काम करा. घरातल्या सगळ्या गाद्या हॉलमध्ये आणून भिंतींना टेकवा, टीव्ही लावा आणि आईला विचारा. खर्च शून्य. फरक पडला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला. नाही पडला तर आधी तिला अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे न्या, रिसीव्हर नंतर बघू.

असो. शिव्या द्यायच्या असतील त्यांनी जरूर द्याव्यात, फक्त खोली आधी मोजून या.